घरबसल्या तिकीट : सोय कोणाची, श्रम कोणाचे?



या व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलून जातात. मी शाळेत आठवीपर्यंतच गेलो. पुढचे जे काही शिकलो ते बिडी कारखान्यांच्या दारांशी, कामगार कचेरीच्या व्हरांड्यात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा माझ्या बोलण्यात पांडित्य सापडले नाही तर आपण रागावू नये. चालकांनी विषय विचारला तेव्हा मी 'सिनेमाचे तिकीट' असे कळविले. त्यांना थोडे नवल वाटले. संघटनेचा माणूस मजुरीवर बोलेल अशी त्यांची अपेक्षा होती. मी त्यांना म्हणालो, मी मजुरीवरच बोलणार आहे. वाट फक्त तिकिटाच्या खिडकीवरून जाते.

आज घरात बसून इंटरनेटवरून सिनेमाचे तिकीट घेता येते. पैसे फोनवरून जातात. तिकीट घरीच कागदावर छापता येते, किंवा फोनच्या पडद्यावर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची जी चौकट उमटते ती दारावर दाखवून आत जाता येते. ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. आपल्या गावातल्या शाळकरी पोरालाही ती येते. परंतु जी गोष्ट रोजची होते तिच्याकडे आपण नीट पाहत नाही, आणि पाहत नाही म्हणून तिचा हिशेबही विचारत नाही. आज अर्धा तास आपण सगळे मिळून तो हिशेब पाहू.

प्रथम जुने तिकीट पाहू. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला. आपल्या देशातला तो पहिला खेळ, आणि त्याचा प्रवेशदर होता एक रुपया. पुढे ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. सिनेमा गावोगाव पोहोचला, जत्रेत तंबू ठोकून टुरिंग टॉकीज उभी राहू लागली, आणि प्रत्येक ठिकाणी एक भिंत, तिला एक भोक आणि त्या भोकामागे एक माणूस हे दृश्य कायमचे झाले. ती तिकीटखिडकी. १९२३ साली मुंबई इलाख्यात करमणूक शुल्काचा कायदा झाला आणि तिकीट हा सरकारी महसुलाचाही कागद बनला. किती तिकिटे फाटली यावर सरकारचा कर ठरू लागला. हा १९२३ चा कायदा कृपा करून ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

त्या खिडकीची आठवण काढून अश्रू ढाळावेत असे मात्र मी म्हणणार नाही. खिडकी म्हणजे काही स्वर्गाचे दार नव्हते. उन्हात रांग, रांगेत धक्काबुक्की, आणि आपला नंबर आला की 'हाऊसफुल्ल'ची पाटी. बायकांची रांग वेगळी असली तरी तिच्यात उभे राहणे सुखाचे नव्हते. खिडकी बंद झाली की बाहेर दोनचे पाच करणारे हजर. १९७५ साली आलेला 'शोले' मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षे चालला. अशा गर्दीच्या चित्रपटांवर तिकिटांचा काळाबाजार करणाऱ्यांनी संसार केले. तिकडच्या भाषेत त्याला नुसते 'ब्लॅक' म्हणत, आणि हा शब्द इकडच्या खेड्यातल्या माणसालाही समजावून सांगावा लागत नसे.

आता घरबसल्या तिकीट कसे आले ते पाहू. १९९९ साली मुंबईत आशीष हेमराजानी व त्यांच्या मित्रांनी तिकीटविक्रीची एक कंपनी काढली. त्या वेळी इंटरनेट थोड्यांच्या घरी होते आणि बँकेचे कार्ड त्याहून थोड्यांच्या खिशात. थोड्याच काळात जगभर इंटरनेटच्या धंद्यात मंदी आली. कंपनीला बहुतेक माणसे कमी करावी लागली, आणि मल्टिप्लेक्सांना तिकिटाची संगणकप्रणाली पुरवून तिने दिवस काढले. २००७ साली तिने 'बुकमायशो' हे नाव घेतले आणि आज शहरातल्या मुलांच्या तोंडी तेच आहे. याच सुमारास रेल्वेनेही ही वाट धरली होती. ३ ऑगस्ट २००२ रोजी रेल्वेची इंटरनेटवरची तिकीटविक्री सुरू झाली. आरंभी मागणी इंटरनेटवर द्यायची आणि छापील तिकीट कुरियरने घरी यायचे. २००५ साली घरी छापलेला कागदच तिकीट म्हणून चालू लागला. पुढे तो कागदही गेला आणि फोनवरचा मजकूर पुरेसा झाला. २०१६ साली यूपीआय आले आणि पैसे देणेही बोटावर आले.

ही जी प्रगती झाली तिच्यात सामान्य माणसाचे कल्याण झाले आहे, हे मी मोकळ्या मनाने सांगतो. आपल्या केशोरीसारख्या ठिकाणाहून अर्जुनीला जायचे, तेथून गाडीने गोंदियाला नाहीतर वडशाला जायचे, आणि तिकीट न मिळाल्यामुळे हात हलवीत परत यायचे, हा प्रकार आता टळतो. जागा पक्की करून घराबाहेर पडता येते. मुलीबाळींना रांगेतल्या गर्दीत उभे राहावे लागत नाही. खुर्ची कोणती ते आधी कळते. यंत्राचा द्वेष करणारा मी नाही. यंत्र आले म्हणून जगात कधी मजुराचे वाईट झाले नाही. यंत्राचा फायदा कोणाकडे गेला यावर मजुराचे बरेवाईट ठरले. तेव्हा घरच्या तिकिटाबद्दलही हाच प्रश्न विचारायचा : फायदा कोणाकडे गेला?

उत्तर शोधण्यासाठी एक साधा हिशेब सांगतो. गेल्या दिवाळीनंतर आमच्या संघटनेच्या काही बिडीकामगार भगिनींना घेऊन मी नागपूरला एका परिषदेसाठी गेलो होतो. जाण्यापूर्वी त्यांनी ठरविले की परिषद आटोपल्यावर एक सिनेमा पाहायचा. आम्ही आठ जण होतो. झेरॉक्सच्या दुकानातल्या मुलाकडे गेलो. त्याने संगणकावर खेळ शोधला, वेळ विचारली, खुर्च्यांचा नकाशा दाखविला आणि आठ खुर्च्या धरल्या. तिकिटाचा दर करासह १५० रुपये, म्हणजे आठांचे १,२०० रुपये. खाली आणखी एक ओळ होती, 'सुविधा शुल्क'. दर तिकिटामागे २५ रुपये, म्हणजे २०० रुपये. त्या २०० रुपयांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३६ रुपये. एकूण १,४३६ रुपये माझ्या फोनवरून गेले. मुलाने दोन कागद छापून दिले आणि आपल्या कामाचे २० रुपये मागितले.

मंडळी, या हिशेबावर थोडे थांबू. हेच तिकीट खिडकीवर १,२०० रुपयांना मिळाले असते. वरचे २३६ रुपये कशाचे? 'सुविधा' म्हणजे सोय. सोय आमची झाली, तिचे पैसे द्यावेत, हे तत्त्व मला मान्य आहे. परंतु सोय करण्याचे काम कोणी केले ते मोजा. पूर्वी खिडकीतला कारकून काय करीत होता? खेळाच्या वेळा सांगणे, कोणत्या वर्गात जागा आहे ते पाहणे, पैसे घेऊन मोजणे, तिकीट फाडणे, अर्धुके जपून ठेवणे, रात्री हिशेब जुळवणे. यांपैकी शेवटच्या दोन गोष्टी यंत्र करते. बाकी सगळी कामे आता कोण करते? आपणच करतो, किंवा आपल्यासाठी तो झेरॉक्सवाला मुलगा करतो. वीज आपली, फोन आपला, इंटरनेटचे पैसे आपले, कागद आपला, शाई आपली. कारकुनाने चुकीच्या खेळाचे तिकीट दिले तर खिडकीशी भांडून बदलून घेता येई. आता बोट चुकीच्या तारखेवर पडले तर चूक आपली आणि नुकसानही आपले. त्या व्यवहारात डोळ्यांदेखत ज्याने अर्धा तास काम केले त्याला २० रुपये मिळाले. काम गिऱ्हाइकाच्या घरी गेले, आणि त्या कामाची किंमतही गिऱ्हाइकाकडूनच घेतली.

आणखी एक गंमत पाहा. शुल्क दर तिकिटामागे घेतले. एक तिकीट काढा की आठ काढा, खेळ एकदाच शोधायचा, पैसे एकदाच पाठवायचे. यंत्राचे श्रम आठपट होत नाहीत, शुल्क मात्र आठपट होते. कोणी म्हणेल, बँकेला पैसे द्यावे लागतात. कार्डावरच्या व्यवहारात ते काही अंशी खरे आहे. पण १ जानेवारी २०२० पासून यूपीआयने आणि रूपे डेबिट कार्डाने घेतलेल्या पैशांवर व्यापाऱ्याला टक्केवारीचे बँकशुल्क द्यावे लागत नाही. आम्ही तर यूपीआयनेच पैसे दिले होते. अर्थात संगणक, प्रणाली, ती चालविणारे लोक यांना खर्च आहे आणि तो मी नाकारीत नाही. परंतु हे शुल्क निव्वळ खर्चाची भरपाई असते, तर मोठ्या चित्रपटगृह कंपन्यांच्या वार्षिक हिशेबात 'सुविधा शुल्काचे उत्पन्न' अशी वेगळी बाब दिसली नसती. ती दिसते. म्हणजे पैसा संकेतस्थळवाल्याकडे आणि चित्रपटगृहवाल्याकडे दोन्हीकडे पोहोचतो.

आमच्या बिडीच्या धंद्यातल्या माणसाला हे सगळे ओळखीचे वाटते. भंडारा-गोंदियाच्या मुलखात बिडी वळण्याचे काम कारखान्याच्या छपरातून निघून हळूहळू बायांच्या ओसरीवर आले. त्यालाही सोयच म्हणत होते. 'बाई, तुला घर सोडावे लागत नाही, लेकरू सांभाळून काम होते.' खोटे नव्हते ते. पण त्या सोयीबरोबर आणखी काय घरी आले? जागा बाईची, दिवा बाईचा, सूप आणि कात्री बाईची, पाने भिजविण्याचे पाणी बाईचे. पाने खराब निघाली तर तोटा बाईचा, आणि ठेकेदाराने छाट म्हणून बिड्या बाजूला काढल्या तर तोही तोटा बाईचा. मालकाच्या अंगावरचा कारखान्याचा भार 'सोय' या नावाने मजुराच्या घरात उतरला. मी सिनेमा पाहणाऱ्याची आणि बिडी वळणारीची बरोबरी करीत नाही. एक करमणुकीला निघालेला असतो आणि दुसरी पोटासाठी बसलेली असते. तरीपण काम घरी ढकलण्याची रीत एकच आहे, आणि ती रीत ओळखता आली पाहिजे.

त्या रीतीवर तोड काय निघाली तेही सांगतो, कारण आजच्या विषयात तेच कामाचे आहे. १९६६ साली संसदेने बिडी व सिगार कामगारांचा कायदा केला. त्या कायद्याने घरी बसून बिडी वळणारीलाही कामगार म्हटले. मालकमंडळींनी न्यायालयात धाव घेतली. घरात काय चालते ते आम्ही कसे पाहणार, घरची बाई आमची कामगार कशी, असा त्यांचा सवाल होता. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि तो कायदा त्यांत विलीन झाला. नव्या संहितांबद्दल आम्हा संघटनावाल्यांचे म्हणणे वेगळे आहे, ते आज येथे काढीत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की काम घरी गेले म्हणून कायद्याची नजर तेथे पोहोचू शकत नाही, हे म्हणणे खरे नाही. नजर पोहोचविता येते. त्यासाठी आधी कायदा करावा लागतो.

आता ध्यानात ठेवायला सांगितलेला १९२३ चा करमणूक शुल्काचा कायदा बाहेर काढू. घरबसल्या तिकिटावर वेगळे पैसे घेतात, अशी तक्रार महाराष्ट्रातही झाली. ४ एप्रिल २०१३ आणि १८ मार्च २०१४ या दोन तारखांना महाराष्ट्र सरकारने आदेश काढले की चित्रपटगृहवाल्यांनी व इतरांनी इंटरनेटवरच्या तिकिटावर सुविधा शुल्क घेऊ नये. चित्रपटगृह कंपनी, तिकिटाची कंपनी आणि मल्टिप्लेक्सवाल्यांची संघटना न्यायालयात गेली. २०१४ सालीच आदेशांना स्थगिती मिळाली. ती अकरा वर्षे राहिली. अखेर १० जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही आदेश रद्द केले.

हा निकाल पुष्कळांनी 'शुल्क घेणे बरोबर' एवढाच वाचला. मी कायद्याचा पदवीधर नाही. पण तीस वर्षे कामगार न्यायालयाच्या पायऱ्या चढून निकाल वाचण्याची सवय लागली आहे. न्यायालयाने मुख्यतः दोन गोष्टी सांगितल्या. पहिली ही की, धंदा करण्याचा हक्क राज्यघटनेने दिलेला आहे आणि त्यावर बंधन घालायचे तर त्याला कायद्याचा आधार हवा. दुसरी ही की, करमणूक शुल्काचा कायदा कर वसूल करण्यासाठी आहे. अशी बंदी घालण्याचा अधिकार त्यात सरकारला दिलेला नाही. गिऱ्हाइकाने खिडकीवर जावे की इंटरनेटवरून तिकीट घ्यावे हे ज्याचे त्याने ठरवावे, असेही न्यायालयाने म्हटले. निकालाचा मान राखून मी असे म्हणतो की, सरकारने दुसऱ्या कुलपाची किल्ली लावली, म्हणून कुलूप उघडले नाही. त्या कुलपाची किल्ली विधानसभेत घडवावी लागेल.

येथे माझे काही मित्र मला विचारतात, 'भाऊ, एवढा राग असेल तर खिडकीवर जा ना! तेथे शुल्क नाही.' प्रश्न रास्त आहे. नागपुरात चित्रपटगृहाच्या शेजारी राहणाऱ्याला हे उत्तर पुरेसे आहे. केशोरीच्या माणसाने काय करावे? खिडकी जितकी लांब, तितकी सोय नावाची गोष्ट सक्तीची होत जाते. शहरातल्याला ती चैन आहे, आपल्याला ती गरज आहे. आणि शुल्क दोघांना सारखेच. शिवाय खिडकी आज आहे, पण उद्या राहील याची हमी कोण देतो? माझ्या ओळखीचा एक तिकीट-कारकून आहे. एका शहरातल्या चित्रपटगृहात बावीस वर्षे खिडकीत बसला. तेथे तीन खिडक्या होत्या, त्यांची एक झाली. त्याला आधी पॉपकॉर्नच्या काउंटरवर उभे केले, मग सहा महिन्यांनी हिशेब करून घरी पाठविले. तो मला म्हणाला, 'साहेब, माझे काम बंद पडले असते तर मला वाईट वाटले नसते. माझे काम चालूच आहे, लोक ते फुकट करतात.' या वाक्यापुढे माझे सगळे भाषण फिके आहे.

सवय लावून मग किंमत मागण्याचा प्रकार फक्त सिनेमावालेच करतात असेही नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली तेव्हा लोकांनी रोख पैसे सोडून इंटरनेटकडे वळावे म्हणून रेल्वेच्या इंटरनेट तिकिटावरचे सेवाशुल्क माफ करण्यात आले. लोक वळले. खिडकीची सवय सुटली. मग १ सप्टेंबर २०१९ पासून शुल्क पुन्हा सुरू झाले : साध्या वर्गाला १५ रुपये आणि वातानुकूलित वर्गाला ३० रुपये, वर जीएसटी. यूपीआयने पैसे दिले तर १० आणि २० रुपये. रेल्वेच्या खिडकीवर मात्र हे शुल्क नाही. एक गोष्ट रेल्वेच्या बाजूने सांगितली पाहिजे : हे शुल्क आकडा ठरवून जाहीर केलेले आहे, आणि एका तिकिटावर चार प्रवासी असले तरी ते तिकिटामागे एकदाच लागते. सरकारी खात्याला हे जमते, तर सिनेमाच्या तिकिटाला का जमू नये?

आता 'ब्लॅक'चे काय झाले ते पाहू. रांग गेली म्हणजे काळाबाजार गेला, असे आपल्याला सांगितले जात होते. सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्डप्ले नावाच्या विलायती गायकवृंदाच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची तिकिटे इंटरनेटवर विक्रीला आली. लाखो लोक एकाच वेळी यंत्राच्या रांगेत उभे राहिले, यंत्र गुदमरले, आणि थोड्याच वेळात तीच तिकिटे दुसरीकडे अनेक पटींनी विकायला ठेवलेली दिसली. तक्रारी झाल्या, पोलिसांनी चौकशी आरंभली, उच्च न्यायालयात जनहितयाचिका आली. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली, आणि यावर कायदा करणे हे विधिमंडळाचे व शासनाचे काम आहे असे सांगितले. म्हणजे पुन्हा तेच. दोनचे पाच करणारा भिंतीशी उभा होता तेव्हा तो निदान दिसत होता, पोलीस त्याची कॉलर धरू शकत होता. आता त्याला चेहराच नाही.

तेव्हा करावे काय? नुसती कुरकुर करणे संघटनेच्या माणसाला शोभत नाही. मागणी कागदावर मांडता आली पाहिजे. माझ्या चार मागण्या आहेत.

पहिली मागणी खिडकीची. जेथे लोकांना तिकीट विकून खेळ होतो तेथे निदान एक खिडकी माणसासह उघडी असावी, आणि ठरावीक खुर्च्या त्या खिडकीसाठी राखून ठेवाव्यात. ज्याच्याकडे फोन नाही, ज्याला वाचता येत नाही, ज्या म्हाताऱ्या बाईला बोटाने पडदा सरकविता येत नाही, त्यांनाही करमणुकीचा हक्क आहे. दुसरी मागणी शुल्काची. ते व्यवहारामागे एकदा असावे, तिकिटामागे नको. त्याला कायद्याने वरची मर्यादा असावी. आणि त्यातले किती बँकेला, किती संकेतस्थळाला व किती चित्रपटगृहाला जातात ते तिकिटावर छापावे. तिसरी मागणी कामगारांची. १९८१ साली सिनेकामगार व चित्रपटगृह कामगारांसाठी वेगळा कायदा झाला होता. पाच माणसे कामाला असलेल्या चित्रपटगृहालाही त्याने भविष्यनिर्वाह निधी लागू केला होता. तोही आता श्रमसंहितांत विलीन झाला आहे. ते संरक्षण नव्या व्यवस्थेत पातळ होऊ नये, आणि खिडकी कमी झाल्यामुळे ज्याची जागा जाते त्याला दुसरे काम शिकवून सामावून घ्यावे. चौथी मागणी अशी की, हे सगळे सरकारी आदेशाने न करता विधिमंडळाच्या कायद्याने करावे. आदेशाचे काय होते ते आपण पाहिले. घाईने केलेला कायदाही पुरत नाही. आंध्र प्रदेशाने २०२१ साली कायद्यात दुरुस्ती करून सरकारी व्यवस्थेतूनच सिनेमाची तिकिटे विकण्याचे ठरविले, आणि २०२२ साली तेथील उच्च न्यायालयाने त्या व्यवस्थेला स्थगिती दिली. तेव्हा कायदा करताना धंदेवाल्याचेही ऐकून, नीट मोजूनमापून करावा लागेल.

या मागण्या मुंबईकडे पाहून झाल्या. पण आपल्या हातातही एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या अंगणातली आहे. आपली झाडीपट्टीची रंगभूमी! दिवाळीनंतर मंडया भरू लागल्या की वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात. रात्रभर नाटक चालते आणि लोक दिवसभराचे कष्ट विसरून पहाटेपर्यंत बसतात. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ही आपल्या सगळ्यांच्या अभिमानाची गोष्ट आहे. या नाटकाचे तिकीट कोण विकते? गावातले मंडळ. ते कंपनीला ठरलेली रक्कम देते, भोंगा लावलेली गाडी आसपासच्या गावांत फिरविते, आणि मंडपाच्या दाराशी गावातलीच पोरे तिकिटे फाडतात. शिल्लक राहिली तर ती गावाच्या कामी येते. या व्यवहारात सोय, श्रम आणि पैसा तिन्ही एकाच गावात राहतात.

उद्या कोणीतरी येईल आणि मंडळाला सांगेल, 'तुमची तिकिटे आमच्याकडून इंटरनेटवर विका, तुम्हाला काही त्रास नाही.' त्याला हाकलून द्या असे मी सांगत नाही. लांबच्या पाहुण्याला आधी जागा धरता आली तर ते चांगलेच आहे. पण करार करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा : दर तिकिटामागे तुम्ही प्रेक्षकाकडून किती घेणार, आणि दाराशी आमची खिडकी राहील की नाही? उत्तर पटले तर सही करा. न पटले तर मंडळाच्याच बँकखात्याचा यूपीआयचा फलक खिडकीशी लावा, गावातल्या झेरॉक्सवाल्या मुलाकडून क्रमांक घातलेली तिकिटे छापून घ्या, आणि लांबच्या माणसासाठी मंडळाच्या फोनवर जागा धरून ठेवा. त्याला इंटरनेटची मोठी कंपनी लागत नाही. मुलाला दोन पैसे मिळतील आणि हिशेब गावासमोर राहील.

मंडळी, माझे म्हणणे संपले. घरबसल्या तिकीट काढू नका असे मी कोणालाही सांगणार नाही. मी स्वतः काढतो आणि पुढेही काढीन. सोय नाकारण्यात शहाणपण नाही. पण सोयीच्या नावाने आपल्या श्रमांचा आकडा हिशेबातून पुसला जात असेल, तर तो पुन्हा लिहून काढणे हे मी कामगार चळवळीचे काम समजतो. सिनेमाचे तिकीट ही लहान गोष्ट आहे. उद्या याच रीतीने बँकेचे काम, दवाखान्याचा नंबर, धान विकण्याची नोंद, सगळे आपल्या घरी येईल. काही आलेही आहे. लहान गोष्टीवर हिशेब मागण्याची सवय लागली तर मोठ्या गोष्टीवर मागताना जीभ अडखळणार नाही. पुढच्या वेळी तिकीट काढाल तेव्हा पैसे देण्यापूर्वी खालची ओळ वाचा, आणि घरातल्या मुलांनाही वाचून दाखवा.